नऊ नंबरच्या पलंगाचं हँडल

माझी कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा मी काहीच जड उचललं नव्हतं. नाइट संपत आली होती, पावणेसहा वाजले होते आणि मॉर्निंगवाल्या येण्याआधी आउटपुट, म्हणजे पेशंटची लघवी, मोजून ठेवायचं होतं. नऊ नंबरच्या आजोबांची युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, पलंगाच्या कडेला खाली लटकत होती. मी वाकले, नळी भांड्यात सोडली, साडेचारशे मिली मोजले आणि उठायला गेले, तर कमरेत अशी चमक निघाली की अर्ध्यातच अडकले. वर येता येईना, खाली बसता येईना. एका हातात लघवीचं भांडं आणि दुसऱ्या हाताने पलंगाची कड धरलेली. आजोबा जागेच होते. त्यांनी विचारलं, "काय झालं सिस्टर?" मी म्हणाले, "काही नाही आजोबा." रुग्णाला आपण दुसरं काय सांगणार?

पुढचे आठ दिवस जो भेटेल त्याचा एकच प्रश्न होता : "काय उचललंस गं एवढं?" आणि पिशवीचं सांगितलं की लगेच पुढचं वाक्य, "मग वाकताना चुकलीस. गुडघ्यात वाकायचं असतं." सहकारी म्हणाल्या, घरचे म्हणाले, ज्या मॅडमनी मला शिकवलं त्याही म्हणाल्या. मलाही ते पटलं. कितीतरी दिवस मी मनात ती एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून बघत होते. पाय जवळ होते का? वळून वाकले का? घाई केली का?

आज एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर मला खात्री आहे की माझी कंबर त्या पिशवीने धरली नाही. ती धरली आदल्या आठ तासांनी, आणि त्याआधीच्या कितीतरी वर्षांनी. पिशवी फक्त शेवटी आली.

ती रात्र मला अजून आठवते. वॉर्डात आम्ही दोघी होतो. त्यातली एक जवळजवळ पूर्ण रात्र एका सिरीयस पेशंटपाशी अडकलेली, म्हणजे बाकीचा वॉर्ड माझा. अंथरुणाला खिळलेले तिघं, त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा. अकरा वाजता ट्रॉलीवरून एक नवीन ॲडमिशन पलंगावर घेतली. ट्रॉली पलंगापेक्षा चांगली वीतभर उंच आणि तिचा एक ब्रेक लागत नव्हता, म्हणून मी ती मांडीने दाबून धरली आणि त्याच वेळी ओढत होते. आणि नऊ नंबरचे आजोबा. त्यांना दम लागायचा म्हणून पाठ उंच करून ठेवलेली, आणि पाठ उंच केलेला माणूस खाली घसरतो. घसरला की मान छातीत दुमडते, श्वास आणखी अडतो. मग त्याला वर ओढायचं. रात्रीतून पाच वेळा ओढलं, त्यातले तीनदा मी एकटीने.

नऊ नंबरच्या पलंगाबद्दल एवढंच सांगते, की त्याला पायथ्याशी तीन हँडल आहेत. एक पाठीचा भाग वर घेतं, दुसरं गुडघ्याचा, आणि तिसरं अख्ख्या पलंगाची उंची बदलतं. ते तिसरं जाम होतं. पलंग माझ्या मांडीच्या मध्यापर्यंत येईल एवढ्या उंचीवर कायमचा बसलेला. त्यामुळे त्या पलंगावरचं प्रत्येक काम, सलाइनची सुई लावण्यापासून पाठ पुसण्यापर्यंत, वाकूनच. आणि हँडल फिरवायचं तर त्यासाठीही उकिडवं बसायचं, कारण ती जमिनीपासून जेमतेम हातभर वर असतात.

"काय उचललंस" या प्रश्नात वाकणं मोजलं जात नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकापासून माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. ताठ उभं असताना जो दाब असतो, त्याच्या सुमारे दीडपट दाब हातात काहीही नसताना नुसतं पुढे वाकून उभं राहिलं तरी येतो. वाकून हातात वजन घेतलं की दुपटीच्याही वर जातो. कारण साधं आहे. कमरेचे स्नायू मणक्याला अगदी चिकटून, साधारण पाच सेंटिमीटरवर असतात. आणि आपण उचलतो ती वस्तू कमरेपासून पन्नास सेंटिमीटर पुढे असते. तराजूच्या एका बाजूची दांडी दहापट लांब असावी तसं. समोर दहा किलो धरले तर त्यासाठी मागच्या स्नायूंना शंभर किलोच्या जोराने खेचावं लागतं, आणि आपल्या स्वतःच्या धडाचं वजन त्यात अजून धरलेलं नाही. ही सगळी ओढ सोसायची कोणी, तर सगळ्यात खालच्या दोन गाद्यांनी.

एका दुपारच्या ड्युटीत मी खिशातल्या कागदावर रेघा मारल्या होत्या. ताठ उभं राहून न होणारं, कमरेत वाकूनच होणारं प्रत्येक काम म्हणजे एक रेघ. ड्रेसिंग, कॅथेटर, बेडपॅन, खाली पडलेली चादर, लॉकरच्या खालच्या कप्प्यातली औषधं, रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड. पुढच्या ड्युटीला ओव्हर द्यायच्या आधी मोजल्या तर एकशे सतरा भरल्या. त्या दिवशी वॉर्ड तसा शांतच होता.

आता उचलण्याचं. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करताना एकीने पाय वर धरायचा आणि दुसरीने बँडेज गुंडाळायचं, हे आमचं रोजचं. विद्यार्थिनीला आपण सहज म्हणतो, "पाय धर जरा." माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा असतो. सत्तर किलोच्या माणसाचा पाय म्हणजे अकरा-बारा किलो. तो हात लांब करून, किंचित वाकून, न हलवता पाच मिनिटं धरायचा. बारा किलोचं पोतं असं धरून उभी राहा, असं तिला कोणी सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

आणि पेशंटला वर ओढणं. जिने हे केलं नाही तिच्यासाठी नीट लिहिते. दोघी दोन बाजूंना. ड्रॉशीटची, म्हणजे पेशंटच्या खाली घातलेल्या आडव्या चादरीची, कड मुठीत गुंडाळायची, मूठ पेशंटच्या खांद्याजवळ आणि कमरेजवळ. पलंगाचा कठडा खाली, पण तो पूर्ण खाली जात नाही, म्हणून मांडीत रुततो. "एक, दोन, तीन" म्हणून ओढायचं. पण जोर लावायचाय पलंगाच्या डोक्याच्या दिशेने, आणि आपण उभ्या आहोत पलंगाकडे तोंड करून, म्हणजे पाय एकीकडे आणि खांदे दुसरीकडे. मणक्याला पीळ पडतो तो इथे. माझी जोडीदारीण माझ्यापेक्षा चांगली उंच. ती ओढते तेव्हा चादर तिच्या बाजूने वर उचलली जाते आणि भार माझ्याकडे सरकतो. त्यात पेशंट घाबरून मध्येच गळ्याला मिठी मारतो. त्याची चूक नसते. पडतोय असं वाटलं की कोणीही हाताशी येईल ते धरतं. पण त्या एका झटक्यात सगळा हिशोब बदलतो.

अमेरिकेत नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिने वजन उचलण्याचं एक सूत्र दिलंय. त्यात सगळी परिस्थिती आदर्श असेल तर जास्तीत जास्त 23 किलो उचलावेत असं धरलंय. पण ते खोक्यांसाठी. त्या सूत्रावर काम करणारे थॉमस वॉटर्स यांनी 2007 साली हाच हिशोब रुग्णासाठी मांडला आणि आकडा आला 35 पौंड, म्हणजे जेमतेम 16 किलो. तोही कधी, तर पेशंट सांगितलेलं ऐकतोय, अचानक हलणार नाही, वजन शरीराजवळ आहे, अंग पिळलेलं नाही, हात लांब केलेले नाहीत. अशी स्थिती माझ्या वॉर्डात एकाही पलंगापाशी नसते. सत्तर किलोचा माणूस दोघींनी उचलला तरी वाट्याला प्रत्येकी पस्तीस किलो येतात. मॅरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात 1999 साली रुग्ण हलवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींत कमरेवर किती भार येतो ते मोजलं. दोघींनी मिळून केलं तरी धोका उरतोच, असंच त्यातून निघालं.

हे वाचलं तेव्हा मी रडले होते, खरंच. इतकी वर्षं मी योग्य पद्धत शोधत होते, आणि कागदावर लिहिलं होतं की तशी पद्धतच नाही.

आम्हाला दर वर्षी-दोन वर्षांनी उचलण्याचं प्रशिक्षण देतात. समोर रिकामं खोकं ठेवतात. पाय फाका, गुडघ्यात वाका, पाठ सरळ, वजन पोटाशी. शिकवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण खोक्याला सलाइन नसते, त्याच्या पोटातून ड्रेनची नळी निघालेली नसते, त्याला दुखत नाही. पलंगावरच्या माणसासमोर गुडघे वाकवले की ते पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आपटतात, त्याला पोटाशी घ्यायची सोयच नसते. 2008 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मार्टिमो आणि सहकाऱ्यांनी अशा प्रशिक्षणावरचे अभ्यास एकत्र करून तपासले, आणि वजन कसं उचलावं हे शिकवल्याने कंबरदुखी टळते याला पुरावा सापडला नाही. उलट ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या रॉयल कॉलेजने 1996 मध्येच भूमिका घेतली होती की जीव वाचवण्यासारखे अपवाद सोडले तर रुग्णाला हातांनी उचलणंच बंद व्हावं. त्यांनी नर्सला वाकायला शिकवण्याऐवजी उचलायचं कामच काढून टाकायचं ठरवलं. मला हा फरक फार मोठा वाटतो. पहिल्यात चूक माझी ठरते, दुसऱ्यात पलंगाची.

"मदत मागायची ना," हेही आम्ही कायम ऐकतो. रात्री तीन वाजता मदत मागायची म्हणजे शेजारच्या वॉर्डात फोन करायचा. तिथेही एकटीच असते. ती येईपर्यंत दहा मिनिटं, आणि आजोबांचे ओठ आत्ता निळे पडतायत. अशा वेळी कुठलीही नर्स आधी हात घालते आणि कमरेचा विचार नंतर करते. तिने तसं करावं असंच आपल्याला मनातून वाटतं. म्हणून कमी माणसं असणं हे मी कंबरदुखीचंच कारण मानते. दोन माणसांचं काम एकीने केलं की भार दुप्पट होतोच, पण दोन कामांच्या मध्ये जो श्वास घ्यायचा तोही जातो. स्नायू थकला की मणक्याला सावरायला उशीर करतो. सलग चौथ्या नाइटला पहाटे आपण चालताना पाऊलही ओढत टाकतो, मग कमरेकडून काय अपेक्षा करायची?

एक गोष्ट मात्र मला मान्य करायला जड गेली. पहिल्या दुखण्याच्या वेळी डॉक्टरांनी तपासून झाल्यावर विचारलं, "कामावर कसं चाललंय? झोप लागते का?" मला राग आला. मला वाटलं, यांना वाटतंय मी दुखण्याचं सोंग करतेय. नंतर स्वतः वाचत गेले तेव्हा कळलं की परिचारिकांवरच्या कितीतरी अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. कामाचा ताण खूप, पण ते कसं करायचं यावर आपला काहीच ताबा नाही, वरिष्ठांचा आधार नाही, झोप तुटकी, अशा ठिकाणी कंबरदुखी जास्त असते आणि ती रेंगाळते. दुखणं खोटं असतं म्हणून नव्हे. ताणात अंग आवळलेलं राहतं, आणि न झोपलेल्या शरीराला तीच कळ जास्त टोचते. माझं मलाच तपासून पाहता आलं. ज्या महिन्यात माझी ड्युटी लिस्ट तीनदा न विचारता बदलली, त्या महिन्यात माझी कंबर सगळ्यात वाईट होती. त्या महिन्यात पेशंट कमी होते.

दुखणं सुरू झाल्यावर मी काय चुका केल्या तेही सांगायला हवं, कारण पुष्कळ जणी त्याच करतात. अकरा दिवस मी पडून राहिले. पडून राहिल्याने बरं वाटण्याऐवजी अंग आखडलं. आता सगळीकडे हेच सांगतात की झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहायचं. मग पट्टा लावला, युनिफॉर्मच्या आतून, कोणाला दिसू नये म्हणून. रेंगाळलेल्या कंबरदुखीवर डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शन काढलं, त्यात पट्टे वापरू नका असंच म्हटलंय. मग एमआरआय. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली. डिस्क बल्ज हे दोन शब्द घेऊन मी वर्षभर भीतीत काढलं. नर्स असून. नातेवाइकांना मी रोज रिपोर्ट समजावून सांगते, पण स्वतःचा रिपोर्ट हातात आला की आपण पेशंटच होतो. 2015 मध्ये ब्रिन्जिकजी आणि सहकाऱ्यांनी ज्यांना अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. विशीतल्या 30 टक्के लोकांत बल्ज होता, ऐंशीच्या आसपास 84 टक्क्यांत. म्हणजे माझ्यासारखाच रिपोर्ट खिशात घेऊन कितीतरी माणसं मजेत हिंडत असणार. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी वर्षभर काठीसारखी ताठ चालले नसते.

एक मात्र अपवाद, आणि यात अजिबात थांबायचं नाही. बसायच्या जागेवर बधिरपणा, लघवी अडणं किंवा कळत न कळत होणं, पायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. ड्युटी संपायची वाट बघायची नाही. आम्ही नर्स लोक ही वाट बघण्यात फार पटाईत असतो.

लपवणं हाही या दुखण्याचाच भाग आहे. मी बाथरूममध्ये गोळी गिळून राउंडला उभी राहिलेय. सांगितलं तर "हलकं काम" मिळतं, म्हणजे माझं जड काम दुसरीच्या कमरेवर जातं, आणि ती दुसरी मैत्रीण असते. म्हणून कोणी सांगत नाही. रजिस्टरमध्ये नोंद होत नाही. आणि नोंद नाही म्हणजे वॉर्डात कोणाची कंबर दुखत नाही, असं वर कागद जातो.

इनचार्ज झाल्यावर माझ्या हातात जे होतं ते मी बदललं. ते फार नाही. जड पेशंट एकीच्याच वाट्याला येणार नाहीत असं वाटप करते. ब्रेक न लागणाऱ्या ट्रॉल्यांना लाल पट्टी लावली, त्यांच्यावर पेशंट घ्यायचा नाही. दोन स्लाइड शीट मागून घेतल्या. गुळगुळीत नायलॉनची दुपदरी चादर असते, पेशंटच्या खाली सरकवली की तो उचलावा लागत नाही, घसरतो. पहिल्यांदा वापरली तेव्हा मावशी म्हणाल्या, "अहो, एवढ्याने झालं?" त्यांचीही कंबर बावीस वर्षांची दुखरी. त्यांना आजवर कोणी विचारलंच नव्हतं, कारण अभ्यास आमच्यावर होतात, त्यांच्यावर क्वचितच. या दोन शीट धुवायला गेल्या की मात्र आम्ही पुन्हा ड्रॉशीटवर येतो. आणखी चार हव्यात.

पलंगाची उंची बदलायला अर्धा मिनिट लागतो. नव्या मुलींना तेवढाही वेळ घालवू नये असं वाटतं, कारण त्यांना वाटतं की मी बघतेय आणि मला घाई आहे. म्हणून मी आता मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते आणि पलंग वर येईपर्यंत काही बोलत नाही.

गेल्या आठवड्यात नऊ नंबरवर एक नव्वद किलोचे काका आले. पहिल्याच वर्षाची एक विद्यार्थिनी त्यांना वर घ्यायला गेली, पायथ्याशी बसून तिसरं हँडल फिरवून बघितलं, ते फिरलं नाही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, हा पलंग वर येत नाही. मी एकटी करत नाही, कोणीतरी द्या." मी तिच्यासोबत स्लाइड शीट घेऊन गेले. काकांना वर घेतलं. मग स्टेशनवर बसून नऊ नंबरच्या हँडलसाठी पुन्हा अर्ज लिहिला. या खेपेला मी त्यात पलंगाची जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली, त्या पलंगावर काम करताना कंबर धरलेल्या चौघींची तारीखवार नोंद जोडली, आणि त्यात पहिलं नाव माझं लिहिलं.